विलायती माणिक

माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हाची ही गोष्ट. मुलगी सांगलीकडची, आपल्याच समाजातली. दोन्हीकडची माणसं बोलून झाली, पंचांगं उघडून झाली, साखरपुड्याचा दिवस ठरला. मग मुलानं हळूच विषय काढला, "आई, अंगठीचं काय करायचं?"

त्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज होतं आणि ते तो स्वतः फेडत होता. अंगठीसाठी त्यानं चाळीस हजार बाजूला ठेवले होते, त्यावर एक रुपया घालायचा नाही असं ठरवून. तेवढ्यात डोळ्यांत भरेल असा हिरा येत नाही. मुलीनं तर आधीच सांगून टाकलं होतं, "मला हिरा नको. रंगीत खडा आवडतो. फक्त मोती नि पोवळं नको." ते का नको हे आपल्या बायकांना सांगायला नको. मोत्यासाठी शिंपला उघडावा लागतो, म्हणजे आतला जीव जातो. पोवळं तर समुद्रातल्या बारीक जिवांचा सांगाडाच. जपानात मिकिमोतोनं १८९३ साली मोत्याची शेती यशस्वी केली तेव्हापासून मोती स्वस्त झाला, पण शिंपल्याचं मरण काही टळलं नाही. आमच्या नथींमध्ये मोती आहेतच, मी काही सोवळी नाही. पण मुलगी विचार करणारी आहे एवढं कळलं आणि बरं वाटलं.

मी म्हटलं, पैसे राहू देत तुझे. आपल्याकडे आज्जीचं माणिक आहे.

ही अंगठी माझ्या माहेरची. आजोबा निपाणी भागातले तंबाखूचे लहान व्यापारी. १९३७ साली त्यांचं लग्न झालं. पुढं एका वर्षी तंबाखूला भाव चांगला लागला आणि त्यांनी आज्जीला 'अस्सल ब्रह्मदेशचं माणिक' घातलेली अंगठी केली, ही आमच्या घरातली कथा. आज्जीकडून ती आईकडे आली, आईकडून माझ्याकडे. डाळिंबाच्या दाण्याएवढा खडा, मागून बंद कोंदण. लहानपणी आज्जी मला मूडबिद्रीला घेऊन गेली होती. तिथल्या सिद्धांत बसदीत नाना रंगांच्या रत्नांच्या लहान लहान जिनप्रतिमा आहेत. दिव्याच्या उजेडात एकेक प्रतिमा दाखवत होते आणि आज्जीनं हात जोडले तेव्हा तिच्या बोटातलाही तो लाल ठिपका पेटल्यासारखा दिसला. पद्मप्रभू नि वासुपूज्य लाल, सुपार्श्व नि पार्श्वनाथ हिरवे, मुनिसुव्रत नि नेमिनाथ निळे-सावळे, चंद्रप्रभ नि पुष्पदंत पांढरे आणि बाकीचे सोळा सोन्याच्या कांतीचे, हे मी त्या दिवशी शिकले. रंगाशी माझं नातं तिथून सुरू झालं.

लॉकरमधून अंगठी काढली. सोनारानं सांगितलं, कोंदण झिजलंय, खडा काढून नवीन बसवू, पण आधी प्रयोगशाळेत दाखवून घ्या. आठ दिवसांनी कागद आला. त्यावर सरळ लिहिलं होतं : कृत्रिम माणिक.

नणंदबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "वैनी, कागद फाडून टाका. रंग तोच, चमक तीच. कुणाला कळणार हाय?"

खरं सांगते, त्या रात्री मला झोप आली नाही. आजोबांना कुणीतरी फसवलं, हे दुःख होतंच. पण वन्संचं बोलणं मला पटत आलं होतं, हे जास्त टोचत होतं. म्हणून मी या खड्यांचा इतिहास वाचायला घेतला. चार महिने वाचलं. त्यातलं जे आपल्या कामाचं आहे ते इथं मांडते.

पहिली गोष्ट, साखरपुड्याला अंगठी घालणं ही आपल्याकडची फार जुनी रीत नव्हे. आज्जीच्या वेळी सुपारी फुटली, साखर वाटली, मुलीला लुगडं नेसवून कुंकू लावलं की झालं. आपल्याकडच्या जुन्या कथांतही अंगठी येते, पण ओळखीची खूण म्हणून. रामाची मुद्रिका सीतेला मिळते, दुष्यंताची अंगठी शकुंतलेकडून हरवते. ठरलेल्या लग्नाची अंगठी ही रोमन लोकांची चाल. प्लिनी हा रोमन लेखक पहिल्या शतकात लिहितो की, वाग्दत्त वधूला लोखंडाची, खडा नसलेली अंगठी पाठवण्याची रीत त्याच्या काळीही होती. लोखंडाची! हे वाचून माझा जीव जरा भांड्यात पडला.

हिऱ्याचंही तसंच. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवायचा तो मुख्यतः हिंदुस्थानच. त्यामुळं हिरा राजेरजवाड्यांपुरताच. १८६७ साली दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले आणि पुढं ते ढिगानं निघू लागले. इतके हिरे विकायचे कुणाला? १९४७ साली अमेरिकेतल्या एका जाहिरात संस्थेत काम करणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी या बाईनं डी बिअर्स कंपनीसाठी एक चार शब्दांचं वाक्य लिहिलं, हिरा कायमचा असतो अशा अर्थाचं. त्या वाक्यानं साऱ्या जगाच्या साखरपुड्यांचा खर्च वाढवला. गंमत म्हणजे गेरेटीबाईंनी स्वतः कधी लग्न केलं नाही.

त्याआधी थोरामोठ्यांच्या अंगठ्यांत रंगीत खडेच सर्रास असत. नेपोलियननं जोसेफिनला दिलेल्या अंगठीत हिऱ्याच्या जोडीला नीलम होता. व्हिक्टोरिया राणीची वाङ्निश्चयाची अंगठी सर्पाच्या आकाराची आणि त्यात पाचू. अगदी अलीकडे, १९८१ साली डायनानं निवडली ती श्रीलंकेच्या निळ्या नीलमाची अंगठी, आणि तीही दुकानाच्या छापील यादीतली, खास घडवून घेतलेली नव्हे. त्यावरून तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. पुढं तीच अंगठी २०१० साली तिच्या सुनेच्या बोटात आली. तेव्हा 'रंगीत खडा म्हणजे हिऱ्याला पैसे नव्हते' असं कुणी म्हणालं तर बिनधास्त राहावं.

आता माणिक. संस्कृतात पद्मराग, माणिक्य ही नावं आहेत, आणि कुरुविंद हेही. याच कुरुविंदाच्या दक्षिणेतल्या रूपावरून इंग्रजांनी 'कोरंडम' शब्द उचलला. माणिक आणि नीलम हे सख्खे भाऊ आहेत, दोघंही कोरंडमच. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा हा स्फटिक शुद्ध असेल तर पाण्यासारखा पांढरा. त्यात किंचित क्रोमियम मिसळलं की माणिक, लोखंड नि टायटॅनियम मिसळलं की नीलम. म्हणजे ज्या नीळ खड्याला आमच्या आज्ज्या 'धार्जिणा नसला तर घर बुडवतो' म्हणून घाबरायच्या आणि ज्या माणकाला देवघरात मान द्यायच्या, ते एकाच आईचे.

त्याहून मोठी गंमत ब्रिटिशांच्या राजमुकुटात आहे. त्या मुकुटाच्या पुढच्या बाजूला एक मोठा लाल खडा आहे, 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' या नावाचा. तो माणिक नाहीच. तो स्पिनेल, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'लाल' म्हणत तो खडा. हे लाल यायचे बदख्शानहून. मोगल बादशहांना ते इतके प्रिय की, त्यावर ते आपली नावं कोरून घेत. जहांगीर, शहाजहान यांची नावं असलेला, लाहोरच्या खजिन्यातून इंग्रजांनी नेलेला 'तैमूरचं माणिक' हाही लालच. आपल्या जव्हेऱ्यांना लाल आणि माणिक यांतला फरक ठाऊक होता, नावंही वेगळी होती. युरोपात मात्र लाल दिसेल त्याला शेकडो वर्षं माणिक म्हणत राहिले. कागद वाचून रडणाऱ्या मला हे वाचताना हसू आलं. राजाच्या मुकुटात चालतं, मग माझ्या आज्जीच्या बोटात का नाही?

पण नाही, दोन्ही गोष्टी एक नव्हेत. लाल हा जमिनीतूनच येतो, चूक फक्त नावाची. आज्जीचा खडा कारखान्यातला होता.

हा कारखाना पॅरिसचा. ऑग्युस्त व्हेर्नय नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी प्रखर ज्योतीतून खाली पाडून, थेंबावर थेंब साचवत माणिक वाढवायची युक्ती काढली आणि १९०२ साली ती जाहीर केली. काही तासांत एक खडा! १९०७ सालापर्यंत अशी माणकं वर्षाला सुमारे १,००० किलो निघत होती. किलोनं माणिक, कल्पना करा! घड्याळांत जे 'ज्वेल' असतात तेही हेच. पुढं आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या आसपास खेड्यापाड्यांत अशा खड्यांना पैलू पाडायचा घरगुती धंदा उभा राहिला, कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटल्या.

हा खडा काच नव्हे, हे ध्यानात घ्यायला हवं. घटक तेच, कठीणपणा तोच. फरक दिसतो तो सूक्ष्मदर्शकाखाली. जमिनीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ, कोनाकोनानं वळणाऱ्या आणि कधी रेशमासारखे बारीक धागे असतात. ज्योतीतल्या माणकात रेषा वाकड्या, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या, आणि हवेचे बारीक बुडबुडे. साध्या डोळ्यांना काही कळत नाही. बंद कोंदणात तर मुळीच नाही, कारण तिथं खड्याखाली चकाकणारा वर्ख घालून रंग खुलवायची जुनी रीत आहे.

खड्यांच्या धंद्यात आपल्या समाजाची माणसं पूर्वीपासून आहेत. अलाउद्दीन खिलजीच्या दिल्लीत टांकसाळीत काम करणारा ठक्कुर फेरू हा जैन. त्यानं १३१५ साली 'रत्नपरीक्षा' लिहिली, आपल्या मुलाला शिकवण्यासाठी. खड्यांचे गुण, दोष आणि त्या काळच्या किमती, सारं त्यात आहे. आग्र्याचा कवी बनारसीदास हाही जव्हेऱ्याचा मुलगा. १६४१ साली त्यानं 'अर्धकथानक' हे आपल्या अर्ध्या आयुष्याचं चरित्र लिहिलं. त्यात वडिलांनी विश्वासानं दिलेली रत्नं आपण आग्र्यात कशी गमावली, काही नाडीच्या गाठीतून सांडली, काही उंदरांनी पळवली, हे तो जराही न लपवता सांगतो. अहमदाबादचे शांतिदास जव्हेरी तर मोगल दरबाराला जडजवाहीर पुरवायचे. १७२७ साली जयपूर वसलं आणि तिथला जोहरी बाजार आजही रंगीत खड्यांचं मोठं केंद्र आहे. तिथंही जैन घराणी पुष्कळ.

आणि ज्यांच्या हातात इतकी रत्नं खेळली त्यांच्यासाठी आपल्या आचार्यांनी काय लिहून ठेवलं? समंतभद्रांच्या श्रावकाचाराचं नावच 'रत्नकरंड', रत्नांची पेटी. अणुव्रतांत परिग्रहाचं परिमाण आहे. आपल्या इच्छेला आपणच कुंपण घालायचं. माझा मुलगा 'चाळीस हजार, वर एक रुपया नाही' म्हणाला तेव्हा त्याच्या मनात हे व्रत नव्हतं, बँकेचा हप्ता होता. पण कुंपण ते कुंपणच. आणि अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत त्यांतला शेवटचा आहे 'प्रतिरूपक व्यवहार'. खऱ्यासारखं दिसणारं खोटं, खरं म्हणून देणं. शाळेतल्या पोरी पाढे म्हणतात तसं पाठशाळेत आम्ही हे म्हटलं होतं. पन्नास वर्षांनी त्याचा अर्थ एका प्रयोगशाळेच्या कागदावर भेटला. खडा खोटा असण्यात पाप नाही. तो काय आहे हे न सांगण्यात आहे.

मी कागद फाडला नाही. मुलाला दाखवला. तो म्हणाला, "मग आपण दुसरी घेऊ. पण आजोबांना फसवलं कुणी?"

ते मलाही कळत नव्हतं. माहेरी गेले तेव्हा दादाला म्हटलं, आजोबांच्या चोपड्या आहेत का अजून? माळ्यावर एक गाठोडं निघालं. सगळं मोडी. आम्हा दोघांनाही वाचता येईना. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी दोन दुपारी बसून पानं लावली. तंबाखूची पोती, हमाली, बसदीची वर्गणी, आणि मधेच एक ओळ : घरात अंगठी, सोनं चार मासे, मजुरी इतकी, 'खडा माणिक विलायती'. खड्याची किंमत मजुरीपेक्षा कमी.

विलायती! आजोबांना कुणी फसवलं नव्हतं. दुकानदारानं सांगून दिलं होतं, आजोबांनी जाणून घेतलं होतं आणि आपल्या हातानं लिहून ठेवलं होतं. 'अस्सल ब्रह्मदेशचं' हे नंतर आम्हीच चिकटवलं. आज्जीनं की आईनं की मी, कोण जाणे. लग्नाकार्यांत बायका विचारायच्या, "खरं हाय का ग?" आणि 'हो' म्हणता म्हणता एक पिढी गेली. प्रतिरूपक व्यवहार करणारं दुकान शोधत होते, ते माझ्याच घरात निघालं.

यानंतरची खरेदी सोपी झाली. मुलगा, होणारी सून आणि मी, तिघं मिळून गेलो. चार ठिकाणं फिरलो. त्या फिरण्यातून जे शिकले ते सांगते, घरात मुलीबाळी असतील तर उपयोगी पडेल.

आधी बोट बघायचं, मग खडा. रोज कणीक मळणारा, भांडी घासणारा हात असेल तर मऊ खडा टिकत नाही. फ्रीडरिश मोस या शास्त्रज्ञानं १८१२ साली कठीणपणाची पट्टी केली. तिच्यात हिरा १०, माणिक-नीलम ९, लाल आणि पुष्कराज ८, पाचू साडेसात ते आठ, तामडा सात-साडेसातच्या आसपास, जांभळा कटेला ७. मोती तर पाचाच्याही खाली. घरातल्या धुळीत वाळूचे कण असतात, त्यांचा आकडा ७. म्हणजे सातच्या खालचा खडा नुसता पुसून पुसूनही धूसर होतो. पाचू आकड्यानं बरा, पण आत भेगा असतात, तेल मुरवून त्या झाकलेल्या असतात. गरम पाणी, साबण, आपटणं त्याला सोसत नाही. तो सणावारी घालावा.

दुसरं, खड्यावर काय उपचार केलाय ते विचारायचं. नीलम-माणिक तापवून रंग उजळणं ही मान्य रीत आहे. श्रीलंकेतले 'गेउडा' नावाचे दुधाळ खडे १९७० नंतर थायलंडमध्ये तापवून निळे करू लागले आणि नीलम पुष्कळांच्या आवाक्यात आला. तापवलेला म्हणून सांगून दिला तर काही गैर नाही. पण काचभरीव माणकापासून सावध. भेगाळ माणकात शिशाची काच वितळवून भरतात, खडा टपोरा लाल दिसतो, किंमत फारच कमी. त्या काचेला आपल्या स्वयंपाकघरातलं साधं लिंबूसुद्धा खातं. लोणचं घालताना अंगठी गेली म्हणून समजा.

तिसरं, वजन कॅरटमध्ये विचारायचं, रत्तीत नाही. रत्ती आली गुंजेच्या बीवरून, आणि सोन्याची रत्ती नि खड्याची रत्ती एक नसते. कॅरट मात्र सगळीकडे २०० मिलिग्रॅम. चौथं, सोनं १८ कॅरट घ्यावं. २२ कॅरट मऊ, खड्याची पकड सैल होते. हॉलमार्क आणि २०२१ पासून आलेला सहा अक्षर-अंकांचा क्रमांक बघावा. आणि खड्याचा कागद दुकानाचा नको, स्वतंत्र प्रयोगशाळेचा हवा. जयपूरला अशी प्रयोगशाळा १९७२ पासून आहे, आता इतर शहरांतही सोय आहे.

नीलम पाहिला. बजेटमध्ये बसणारा फिकट होता, छान होता. लालही पाहिला. पण मुलीची नजर परत परत एका काळपट लाल खड्यावर जात होती. दुकानदार म्हणाला, "हा तामडा आहे मॅडम, राजस्थानचा. स्वस्तातला." स्वस्तातला म्हणताना त्याचा आवाज खाली गेला. मी मात्र नुकतंच वाचून आले होते. आपल्या देशातले तामडे पार युरोपात जायचे. दीड हजार वर्षांपूर्वी तिथल्या राजेलोकांच्या तलवारींवर, पदकांवर सोन्याच्या घरांत जे लाल तुकडे बसवले, त्यांतले कित्येक हिंदुस्थानातून गेलेले. मी हे सांगितलं तशी मुलगी म्हणाली, "मावशी, मग हाच. मला हा रंग आवडलाय, आणि हा जो आहे तोच आहे."

चारी बाजूंनी सोन्याचं कोंदण केलं, म्हणजे कडा आपटणार नाहीत. मागून मात्र उघडं ठेवलं, उजेड जायला आणि कुणालाही बघता यायला. सगळं मिळून चाळीस हजारांच्या आत बसलं. उरलेल्या पैशांतून मुलानं एक हप्ता भरला.

साखरपुड्याच्या दिवशी मंगलाष्टकांसारखीच गर्दी. अंगठी घालून झाली. आमच्यातल्या एका वयस्क आज्जींनी सुनेचा हात हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्यानं विचारलं, "माणिक का ग?"

मी शेजारीच उभी होते. इतकं वाचून, इतकं कळून, माझ्या तोंडात 'हो' आलंच होतं. चार पिढ्यांची सवय.

पण विचारलं तिला होतं. ती हसून म्हणाली, "नाही आज्जी. तामडा."

"तामडा होय," आज्जी म्हणाल्या. "बरा दिसतोय की." आणि हात सोडून साखर घ्यायला गेल्या.

आज्जीची अंगठी परत लॉकरमध्ये आहे. तिच्या डबीत मी एक चिठ्ठी घालून ठेवली आहे. तीवर आजोबांचेच शब्द आहेत, खडा माणिक विलायती. पुढं ती जिच्या बोटात जाईल तिनं आधी ती चिठ्ठी वाचावी आणि मग अंगठी घालावी.